पाण्याबरोबर रानात काय काय येतं?

हातातलं काम चालू असेल तर चालू द्या. फुलं ओवत असाल तर ओवत राहा, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही फुलशेतीविषयी बोलणार आहोत, पण फुलांपेक्षा फुलांच्या खालच्या मातीविषयी जास्त. ज्या गावांत नदीतून, ओढ्यातून किंवा नाल्यातून शहराचं सांडपाणी मिसळलेलं पाणी रानाला येतं, तिथल्या बायकांनी हे जरूर ऐकावं. बाकीच्यांनीही ऐकावं, कारण आता पुष्कळ गावांत आपल्याच गटारीचं पाणी खालच्या रानात सोडलं जातं.

आम्ही पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागातल्या. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. ढग डोंगरापर्यंत येतात आणि आमच्याकडे नुसता वारा पाठवतात. त्यामुळे पुण्याच्या खालून मुळा-मुठेचं पाणी उपसा योजनेनं चढून आमच्या भागात यायला लागलं, तेव्हा आनंद झाला. हे पाणी शहरातून वाहून आलेलं आहे, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. वासावरून आणि फेसावरून कळायचंच. पण ज्यांनी जनावरांच्या छावण्या पाहिल्या आहेत, त्या पाण्याच्या वासाला नाक मुरडत नाहीत.

आमच्या बचत गटात आम्ही अकरा जणी. बँकेचं कर्ज मिळालं तेव्हा ठरवलं, की प्रत्येकीनं शेळी घेण्यापेक्षा मिळून फुलशेती करायची. गावातल्या एका मावशींचं वीस गुंठे रान पडून होतं. मावशी एकट्या, कसणारं कुणी नाही. आम्ही ते तीन वर्षांच्या कराराने घेतलं. करार कागदावर झाला, पण मावशी तोंडी एवढंच म्हणाल्या, "पोरींनो, माझ्याजवळ एवढंच आहे. जसं देतेय तसं परत द्या."

पहिल्या वर्षी शेवंती आणि झेंडू लावला. काय सांगावं! झाडं कमरेला लागली. शेजारचे लोक म्हणायचे, "या पाण्यातच खत आहे, तुम्हाला युरियाची गरजच नाही." आणि ते खोटं नव्हतं. सांडपाण्यात नत्र, स्फुरद, पालाश असतंच. शिवाय सेंद्रिय पदार्थही असतात. पहिली दोन वर्षं हप्ते वेळेवर गेले. आणखी एक गोष्ट आमच्या मनाला बरी वाटायची. भाजीला असं पाणी देताना मन खातं, पण फूल कुठं कुणी खातंय? फुलाला काहीही चालतं, असं आम्ही धरून चाललो.

तिसऱ्या वर्षी श्रावणात दसऱ्यासाठी झेंडूची लागण केली. रोपं लावल्यावर आठ-दहा दिवसांत खालच्या अंगाची रोपं मरायला लागली. जी जगली ती नुसती पालेदार झाली. हिरवीगार, मऊ, माव्याने भरलेली, आणि कळीचा पत्ता नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आजूबाजूच्या रानांतून टेम्पो भरून निघाले. आमच्या रानात मोजके क्रेट निघाले. आमचा झेंडू फुलला तो दसऱ्यानंतर, भाव उतरल्यावर. दसऱ्याचं फूल दसऱ्यालाच विकलं जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बैठकीत भांडण झालं. एक जण म्हणाली रोपं बोगस होती, दुसरी म्हणाली औषधात भेसळ होती. रोपवाटिकेवर मोर्चा न्यायचं जवळजवळ ठरलं. तेवढ्यात एक आक्का म्हणाल्या, "रोपवाटिकेत जायच्या आधी रानात जाऊ. परवा खुरपताना खुरपं आत जात नव्हतं, ते का?" आम्ही गेलो. सरीच्या माथ्यावर पांढरी पापडी धरली होती, पिठासारखी. खालच्या कोपऱ्यात चार दिवसांपूर्वी दिलेलं पाणी अजून उभं होतं. वरच्या बाजूला ढेकळं दगडासारखी कडक. बांधापलीकडे विहिरीच्या पाण्यावरचं रान मात्र भुसभुशीत. माती एकच, बांध एकच, फक्त पाणी वेगळं. त्या दिवशी रोपवाटिकेचा विषय आम्ही सोडला.

आम्ही दोन्ही रानांची माती आणि दोन्ही पाणी तपासायला दिलं. अहवाल हातात आला, तेव्हा कुठे आम्हाला उलगडा झाला. तो तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो.

पाण्यात विरघळलेले क्षार किती आहेत, हे प्रयोगशाळा ईसी नावाच्या आकड्याने सांगते. ईसी एक असेल, तर एका लिटरमध्ये साधारण ६४० मिलीग्रॅम क्षार असतात. म्हणजे पाऊण ग्रॅमही नाही. चिमूटभर. पण आता वीस गुंठ्यांचा हिशेब करू. रानात दोन इंच पाणी द्यायचं म्हटलं, तर सुमारे एक लाख लिटर लागतं. एका लिटरला ६४० मिलीग्रॅम, तर एक लाख लिटरला ६४ किलो. एका पाळीला चौसष्ट किलो क्षार! दहा पाळ्या दिल्या की ६४० किलो. सूर्य पाणी उचलून नेतो, झाड पाणी पिऊन घेतं, क्षार बहुतेक तिथंच मागे राहतात. चुलीवर पातेल्यातलं खारं पाणी आटवलं की तळाला पांढरं राहतं, तसंच. जिथं पाऊस भरपूर आहे, तिथं यातले बरेच क्षार धुऊन खाली जातात. आमच्याकडे धुणारा पाऊसच कमी.

आता नत्राचा हिशेब. पाण्यात लिटरला ३० मिलीग्रॅम नत्र आहे असं धरलं, तर एका पाळीत वीस गुंठ्यांना ३ किलो नत्र मिळतं. दहा पाळ्यांत ३० किलो. झेंडूला हेक्टरी साधारण १०० किलो नत्राची शिफारस असते, म्हणजे वीस गुंठ्यांना २० किलो. पाण्यानंच गरजेपेक्षा जास्त दिलं, आणि वरून आम्ही युरियाही टाकला, कारण "सगळे टाकतात". नदीत सांडपाणी पातळ होतं, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी एवढं नत्र असेलच असं नाही. पण मोजल्याशिवाय ते कळत नाही. नत्र जास्त झालं की झाड पानांच्या मागे लागतं, फुलायला उशीर करतं, देठ मऊ पडतात आणि मावा येतो. आमचा दसरा तिथं गेला.

तिसरी गोष्ट सोडियमची, आणि मातीचं खरं नुकसान तिनं केलं. आपण मीठ खातो, धुण्याची पावडर वापरतो, त्यातला सोडियम गटारीतून नदीत जातो. काळ्या मातीचे बारीक कण एकमेकांना धरून असतात, म्हणून मातीत भोकं राहतात, त्यातून हवा आणि पाणी खेळतं. सोडियम जास्त झाला की हे कण सुटे होतात आणि ती भोकं बुजवून टाकतात. मग ओली असताना माती चिकट लगदा होते आणि वाळली की दगड. वाफ्यात पाणी साचतं, मुळं कुजतात. आपल्याकडे अशा जमिनीला चोपण म्हणतात. आमच्या मातीचा सामू साडेआठच्या वर गेला होता. एवढ्या सामूला लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. म्हणून शेवंतीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत होत्या. आम्ही त्याला रोग समजून दोन वेळा फवारलं होतं.

गंमत म्हणजे आमच्या मातीचा सेंद्रिय कर्ब शेजारच्या रानापेक्षा चांगला होता. नुसता तोच आकडा बघितला असता, तर आम्ही खूश झालो असतो.

आता मैत्रिणींनो, "फुलाला काहीही चालतं" या बोलण्याकडे येऊ. फूल खात नाही हे खरं. पण झेंडू निघाला की त्याच रानात मेथी, कोथिंबीर, कांदा येतो. ते आपण खातो, लेकरं खातात. सांडपाण्यात कारखान्यांचं पाणी मिसळलं असेल, तर त्यातून शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम असे जड धातू येऊ शकतात. हे धातू कुजत नाहीत आणि क्षारांसारखे पावसाने सहज धुऊनही जात नाहीत. वरच्या थरात बसून राहतात. पालेभाज्या ते ओढून घेतात. झेंडूही घेतो. म्हणून अशा रानातलं झेंडूचं पीक संपल्यावर झाडं त्याच रानात गाडली, तर धातू परत तिथंच. अशी झाडं जनावरांनाही टाकू नयेत.

दुसरं म्हणजे आपले हात. फूल कुणी खात नाही, पण खुडणारी बाई तर आहे ना? पहाटे अनवाणी ओल्या सरीत उतरणाऱ्या, फुलं खुडून त्याच हातानं भाकरी खाणाऱ्या आपणच. सांडपाण्यात जंतांची अंडी असतात आणि ती मातीत महिनोन्‌महिने टिकतात. पायाला खाज, लेकरांना जंत, हगवण, याचा संबंध आम्ही कधी पाण्याशी लावलाच नव्हता. फुलं ताजी दिसावीत म्हणून त्याच पाण्याचा शिपका मारायचो. तीच फुलं कुणाच्या अंबाड्यात, कुणाच्या देवापुढे. हे सांगताना आम्हाला लाज वाटते, पण सांगायला हवं.

मग हे पाणी बंदच करायचं का? आमच्यातल्या काही जणींचं तेच म्हणणं होतं. पण दुसरं पाणी नाही, तिथं "बंद करा" म्हणणं सोपं नाही. आम्ही जे शिकलो ते सांगतो. त्यातलं जेवढं जमेल तेवढं करा.

पहिलं, तपासणी. मातीचा नमुना पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी घ्यायचा. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी घ्यायची नाही. सगळी एकत्र कालवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे. असं करत अर्धा किलो राहील तेवढी सावलीत वाळवून पिशवीत भरायची. पाण्यासाठी लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. मोटर थोडा वेळ चालू द्यायची, मग काठोकाठ भरायची आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवायची. २०१५ सालापासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात बारा गोष्टी असतात: सामू, ईसी, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन. लक्षात घ्या, या बारांत सोडियम नाही आणि जड धातूही नाहीत. सांडपाण्यावरचं रान असेल, तर ते वेगळे मागावे लागतात. पाण्याच्या अहवालात ईसी पाऊणपर्यंत असेल तर फार काळजी नाही. पाऊण ते सव्वादोन असेल तर जपून. सव्वादोनच्या वर गेलं, तर ते पाणी नेहमी देण्याच्या लायकीचं नाही.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. काचेच्या पेल्यात पावसाचं साठवलेलं पाणी घ्या आणि वाळलेल्या मातीचा बोराएवढा खडा हळूच सोडा. हलवू नका. खडा नुसता फुटून पसरला आणि पाणी नितळ राहिलं, तर ठीक. खड्याभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला, तर सोडियमची शंका घ्या आणि प्रयोगशाळा गाठा. विहिरीचं किंवा नळाचं पाणी मात्र नको, त्यातल्या क्षारांमुळे ढग दिसत नाही.

दुसरं, पाणी बदलून किंवा मिसळून द्या. क्षारांचा सगळ्यात जास्त त्रास उगवणीला आणि कोवळ्या रोपांना होतो. म्हणून रोपवाटिकेला आणि लागणीनंतर पहिले तीन-चार आठवडे विहिरीचं किंवा शेततळ्याचं चांगलं पाणी राखून ठेवा. नंतर एक पाळी या पाण्याची, एक त्या पाण्याची. विहिरीची ईसी अर्धा आणि नाल्याची दीड असेल, तर निम्मं-निम्मं मिसळून ती साधारण एकवर येते.

तिसरं, रोप सरीच्या माथ्यावर लावू नका. पाणी वर ओढलं जातं तसे क्षारही माथ्यावर जाऊन बसतात. रोप सरीच्या बगलेला, पाणी पोचतं त्या रेषेजवळ लावा. रानाच्या खालच्या अंगाला चर काढा. क्षार धुऊन जायला वाट नसेल, तर कितीही चांगलं पाणी दिलं तरी उपयोग नाही. पिकाची निवडही बघा. गुलाब क्षारांना फार नाजूक. झेंडू त्या मानाने सोसतो.

चौथं, खताचा हात आवरा. पाण्यातलं नत्र मोजा आणि तेवढा युरिया कमी करा. आम्ही युरिया जवळजवळ बंद केला, तेव्हा झाडं कमी उंच झाली आणि फुलं वेळेवर आली.

पाचवं, जमीन सुधारणं. सोडियम जास्त असेल, तर जिप्सम कामाला येतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, मग पावसाच्या पाण्याने तो खाली धुऊन जातो. म्हणून जिप्सम पावसाळ्याच्या तोंडावर वरच्या थरात मिसळतात. पण किती, ते अहवालावरूनच ठरतं. जमिनीत चुनखडी भरपूर असेल, तर जाणकार गंधक सुचवतात. शेजारणीनं टाकलं म्हणून आपण टाकायचं नाही. पहिल्या पावसावर धैंचा पेरून, फुलोऱ्यावर येताना दीड महिन्यात गाडला, तर चोपण जमीन हळूहळू मोकळी होते. हळूहळू म्हणजे दोन-तीन वर्षं, एका हंगामात नाही.

सहावं, स्वतःला जपा. पायात गमबूट, हातात मोजे, जखम असेल तर त्या दिवशी या पाण्यात उतरायचं नाही. भाकरी खाण्याआधी आणि लेकराला घेण्याआधी साबणाने हात धुवायचे. खुडणीच्या आधी काही दिवस हे पाणी बंद ठेवायचं आणि खुडलेल्या फुलांवर तर ते कधीच शिंपडायचं नाही.

आता मावशींच्या रानाचं सांगतो. करार संपत आला, तेव्हा गटात पुन्हा वाद झाला. काही जणी म्हणाल्या, "करार तीन वर्षांचा होता, तो पाळला. भाडं दिलं. आता जिप्समचा आणि धैंच्याचा खर्च गटानं का करायचा?" त्यांचंही चूक नव्हतं. दसऱ्याच्या नुकसानीचा हप्ता आम्ही घरचे पैसे घालून भरला होता. दुसऱ्या जणी म्हणाल्या, "मावशींनी दिलं तसं परत द्या म्हटलं होतं." दोन बैठका यात गेल्या. शेवटी हात वर करून मत घेतलं. सात जणी एका बाजूला, चार जणी दुसऱ्या बाजूला. गटाच्या व्याजातून जिप्समचे आणि दहा किलो धैंच्याच्या बियाचे पैसे द्यायचे ठरले, मेहनत सगळ्यांनी करायची. ज्या चौघी विरोधात होत्या, त्याही धैंचा गाडायला आल्या.

आम्ही मावशींना सगळं खरं सांगितलं. अहवाल वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कोपरा गेला म्हणायचा." आम्ही म्हटलं, "बहुतेक." करार आणखी दोन वर्षं वाढवला आहे, पण भाडं ठेवलं आहे पहिल्यासारखंच, आणि त्या रानात पालेभाजी लावायची नाही असं दोन्ही बाजूंनी कबूल केलं आहे. मागच्या हंगामात वरच्या बारा-तेरा गुंठ्यांत झेंडू वेळेवर आला. खालच्या कोपऱ्यात अजून काही येत नाही.

आणखी एक काम आम्ही केलं. ग्रामसभेत अर्ज दिला, की गावाला येणाऱ्या पाण्याची वर्षातून निदान दोनदा तपासणी व्हावी, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, आणि अहवाल पंचायतीच्या फळ्यावर लागावा. पाणी घाण करू नये यासाठी आपल्या देशात १९७४ सालापासून कायदा आहे. पाणी शुद्ध करून सोडणं हे सोडणाऱ्याचं काम आहे, फूल खुडणाऱ्या बाईचं नाही. पण ते होईपर्यंत आपल्या रानात काय येतंय, हे आपल्याला माहीत असायला हवं. जड धातूंची तपासणी महाग पडते, एका गटाला परवडत नाही. चार गटांनी किंवा ग्रामसंघानं मिळून एक नमुना दिला, तर परवडते.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. बचतीचे पैसे गोळा झाले की उठून जाऊ नका. प्रत्येकीनं आपल्या रानातला मातीचा एक खडा पदरात बांधून आणा. पावसाचं पाणी आणि काचेचे पेले मांडा. कुणाच्या पेल्यात पाणी नितळ राहतं आणि कुणाच्या पेल्यात ढग पसरतो, ते सगळ्या मिळून बघा आणि वहीत लिहून ठेवा. ज्यांच्या पेल्यात ढग दिसेल, त्यांच्या रानाचा नमुना आधी पाठवा. आणि ज्यांनी रान भाड्याने घेतलं असेल, त्यांनी मालकिणीलाही बैठकीला बोलवा.